पिल्लाच्या खाद्यावरून मोठ्या मांजराच्या खाद्यावर: घरच्या घरी बदल कसा करावा

मांजराचे पिल्लू वर्षाच्या आसपास आले की त्याचे खाद्य बदलावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तो बदल नेमका केव्हा करावा, किती दिवसांत करावा आणि किती ग्रॅम द्यावे, हे सांगणारे माणूस जवळपास सापडत नाही. आपल्या मराठवाड्यात याला आणखी एक अडचण जोडलेली आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर या शहरांत पाळीव प्राण्यांच्या खाद्याची दुकाने आहेत, परंतु तालुक्याच्या गावी हवे ते पाकीट वेळेवर मिळेलच असे नाही. परिणामी जुनी पिशवी संपते, दुकानदार हाताशी असलेले दुसरे पाकीट देतो आणि पिल्लाचे खाद्य एका रात्रीत बदलले जाते. दोन दिवसांनी जुलाब सुरू झाले की दोष नव्या खाद्यावर जातो, जेव्हा खरे कारण बहुधा बदलाची घाई हे असते. परभणीच्या आमच्या घरात आणि नातेवाइकांच्या घरांत वाढलेल्या पिल्लांचे खाद्य मी स्वतः बदलले आहे. त्या अनुभवातून आणि पशुवैद्यकांनी वेळोवेळी समजावलेल्या गोष्टींतून हा क्रम मांडत आहे.

दोन्ही खाद्यांत फरक का असतो, हे आधी पाहू. वाढत्या पिल्लाला हाडे, स्नायू आणि दात घडवायचे असतात, म्हणून त्याच्या खाद्यात प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फरस जास्त असतात. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची ‘आफ्को’ ही संघटना जे किमान प्रमाण सुचवते, त्यानुसार खाद्यातील पाणी वगळून उरणाऱ्या कोरड्या भागात वाढत्या पिल्लांसाठी ३० टक्के आणि मोठ्या मांजरांसाठी २६ टक्के प्रथिने असावीत. कॅल्शियमचे प्रमाण अनुक्रमे १ टक्का आणि ०.६ टक्का, तर फॉस्फरसचे ०.८ टक्का आणि ०.५ टक्का आहे. वाढ पूर्ण झालेल्या, घरातच राहणाऱ्या आणि नसबंदी झालेल्या मांजराला पिल्लाचे खाद्य पूर्वीइतकेच देत राहिल्यास जादा ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते. याउलट चार महिन्यांच्या पिल्लाला मोठ्या मांजराचे खाद्य लवकर सुरू केल्यास त्याच्या वाढीला लागणारे घटक कमी पडू शकतात.

तयारीसाठी लागणाऱ्या वस्तू आणि कागद

लसीकरणाचे कार्ड, ज्यावर जंतनाशक दिल्याच्या तारखा नोंदवलेल्या असतील. जुन्या आणि नव्या खाद्याची मूळ पाकिटे, किंवा निदान त्यांवरील घटकांच्या तक्त्याचा फोटो. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा. मांजराचे वजन करण्यासाठी कापडी पिशवी आणि लोंबता काटा, अथवा माणसाचा वजनकाटा. घट्ट झाकणाचे दोन डबे आणि रोजच्या नोंदीसाठी एक वही. मूळ पाकीट फेकून देऊ नये, कारण काही त्रास झाला तर डॉक्टर सर्वप्रथम ‘काय खाऊ घालता?’ असे विचारतात आणि तेव्हा ‘ते निळे पाकीट’ एवढ्या उत्तराने त्यांचे काम होत नाही.

१. वेळ झाली आहे का, ते ठरवा

आपल्याकडील देशी मांजरांची वाढ साधारण १२ महिन्यांत पूर्ण होते, म्हणून बाजारातील बहुतेक पाकिटांवरही हीच सीमा धरलेली असते. मेन कून यांसारख्या मोठ्या जातींची वाढ १८ ते २४ महिने चालते आणि त्यांचे पिल्लाचे खाद्य तोवर सुरू ठेवावे लागते.

अंगणात किंवा गोठ्यात सापडलेल्या पिल्लाची जन्मतारीख माहीत नसते. अशा वेळी दातांचा आधार घेता येतो. दुधाचे दात पडून कायमचे दात येण्यास साडेतीन ते चार महिन्यांच्या सुमारास सुरुवात होते. आधी पुढचे बारीक दात बदलतात, नंतर सुळे येतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सर्व ३० कायमचे दात आलेले असतात. दात बदलताना काही दिवस नवा आणि जुना सुळा शेजारी शेजारी उभे दिसतात. हे दिसले की पिल्लू पाच-सहा महिन्यांचे आहे असे समजावे आणि तिथून पुढचे महिने मोजावेत. सात महिन्यांनंतर मात्र केवळ दातांवरून वय नेमके सांगता येत नाही. त्यामुळे सापडले त्या दिवशीच तोंडाचा फोटो काढून ठेवणे उपयोगी पडते.

वयापेक्षाही माझा विश्वास वजनाच्या नोंदीवर अधिक आहे. पहिल्या सहा महिन्यांत निरोगी पिल्लाचे वजन दरमहा सुमारे ४५० ते ५०० ग्रॅमने वाढते, मग वेग कमी होत जातो. वय वर्षाच्या जवळ आले असून सलग दोन महिने वजन जवळपास स्थिर राहिले असेल, तर वाढ पूर्ण होत आल्याचे ते चांगले लक्षण आहे.

येथे दोन बाबतींत गफलत होते. पहिली नसबंदीची. पाच-सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया झाली की मांजराची ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते. हे पाहून अनेक जण लगेच मोठ्या मांजराचे खाद्य सुरू करतात. तसे करू नये, कारण हाडांची वाढ अद्याप सुरूच असते. पिल्लाचेच खाद्य ठेवून फक्त मोजून द्यावे आणि दर पंधरा दिवसांनी वजन पाहावे. दुसरी बाब गाभण मांजरीची. नसबंदी न झालेली मांजरी पाच-सहा महिन्यांतच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांनी विते. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीला पिल्लांसाठीचे पौष्टिक खाद्यच हवे असते. म्हणून वर्षाची मांजरी अचानक जास्त खाऊ लागली आणि पोट भरलेले दिसू लागले, तर खाद्य बदलण्याआधी तपासणी करून घ्यावी.

२. डॉक्टरांना आधीच दाखवा

पोटात जंत असताना खाद्य बदलले तर जुलाब कशामुळे होत आहेत, ते कोणालाच कळत नाही. म्हणून आधी जंतनाशक आणि लसी पूर्ण कराव्यात, त्यानंतर आठवडाभर शी घट्ट आणि नेहमीसारखी आहे ना ते पाहावे आणि मगच बदलाला हात घालावा. गावोगावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्यत्वे गुरेच येतात, तरीही वजन, जंतनाशक आणि साधी तपासणी यांसाठी तेथे विचारण्यात संकोच करू नये. ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये हाही एक आधार आहे. माणसांसाठीची जंताची गोळी अंदाजाने तोडून देऊ नये.

३. नवे खाद्य निवडताना पाकीट वाचा

पाकिटाच्या पुढच्या बाजूला मासा आणि कोंबडी यांची चित्रे असतात. वाचण्याजोगे सारे मागच्या बाजूला असते. तेथे सर्वप्रथम ‘पूर्ण आणि संतुलित’ अशा अर्थाचा उल्लेख शोधावा. बोटाएवढ्या पुड्यांतून मिळणारी पातळ चाटणे आणि काही ओली पाऊचे केवळ पूरक असतात, त्यांच्यावर मांजर जगवता येत नाही. ‘सर्व वयांसाठी’ असे लिहिलेले खाद्य पिल्लांच्या गरजा धरून बनवलेले असते, त्यामुळे घरात बसून राहणाऱ्या मोठ्या मांजराला ते देताना प्रमाणावर कडक नजर ठेवावी लागते.

ओल्या पाऊचवर ८ टक्के प्रथिने आणि सुक्या दाण्यांच्या पिशवीवर ३२ टक्के असे वाचून पाऊच निकृष्ट आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे, कारण पाऊचमध्ये ८० टक्क्यांच्या वर पाणीच असते. तुलना करायची तर पाणी बाजूला काढावे. पाऊचमध्ये ८४ टक्के पाणी असेल तर कोरडा भाग १६ टक्के उरतो आणि त्यातील ८ म्हणजे ५० टक्के प्रथिने होतात. दाण्यांत १० टक्के पाणी असेल तर कोरडा भाग ९०, आणि त्यातील ३२ म्हणजे साधारण साडेपस्तीस टक्के. हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर करता येतो.

पूर्ण शाकाहारी घरांतून एक प्रश्न नेहमी येतो, की आता मांजर मोठे झाले, तर दूध-भाकरीवर ठेवता येईल का. याचे उत्तर स्पष्टपणे नाही असेच आहे. मांजर हा मांसावर जगणारा प्राणी आहे आणि टॉरिन नावाचा घटक त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसा तयार करता येत नाही. तो मांस, मासे यांतून किंवा खाद्यात घातलेल्या रूपात मिळावा लागतो. टॉरिन कमी पडले की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयाच्या या आजाराचा टॉरिनशी असलेला संबंध अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिला आणि त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवले. ज्वारीच्या भाकरीत ते नाही. दुधाचे म्हणाल तर आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही. ज्या घरात मांस शिजत नाही, त्यांच्यासाठी पाकिटातील पूर्ण खाद्य हाच सोयीचा मार्ग आहे. कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडते म्हणून तेही देऊ नये. त्यात मांजराच्या गरजेइतके टॉरिन असेलच याची खात्री नसते.

४. रोजचे प्रमाण काढा

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा असे मला वाटते, कारण बहुतेक घरांत खाद्य वाटीने मोजले जाते आणि वाटी फसवते. दाण्यांचा आकार बदलला की त्याच वाटीत मावणारे वजन बदलते. मोजमाप ग्रॅममध्येच हवे.

मांजराला दिवसाला किती ऊर्जा लागते, याचा अंदाज असा काढतात. किलोमधील वजनाचा आकडा तीनदा घेऊन त्यांचा आपसांत गुणाकार करावा, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढावे. त्याला ७० ने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा किलोकॅलरीत मिळते. नसबंदी झालेल्या मोठ्या मांजरासाठी तिला १.२ ने आणि नसबंदी न झालेल्यासाठी १.४ ने गुणावे. साडेतीन किलोच्या मांजराचे उदाहरण घेऊ. ३.५ × ३.५ × ३.५ म्हणजे ४२.८७५, त्याचे वर्गमूळ ६.५५ आणि त्याचे वर्गमूळ २.५६. गुणिले ७० म्हणजे १७९. नसबंदी झालेली असेल तर १.२ ने गुणून सुमारे २१५ किलोकॅलरी. खाद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ३८० किलोकॅलरी असे लिहिले असेल, तर दिवसाला सुमारे ५६ ग्रॅम पुरते. नसबंदी झालेली नसेल तर हाच आकडा ६६ ग्रॅमच्या आसपास जातो.

अनेकांना ५६ ग्रॅम पाहून धक्का बसतो, कारण ताटलीत ते मूठभरच दिसते. तरीही साडेतीन किलोच्या जिवाची दिवसभराची गरज तेवढीच असते. पाकिटावर किलोकॅलरी दिलेली नसेल, तर तेथील वजनानुसारच्या तक्त्यातील कमी बाजूचा आकडा धरून सुरुवात करावी आणि महिन्याच्या वजनावरून तो सुधारावा. हे सूत्र अंदाज देते; शेवटचा निर्णय वजनकाट्याचा.

पाऊच देत असाल तर त्यातील ऊर्जा दिवसाच्या हिशेबातून वजा करावी. खाऊ म्हणून दिले जाणारे सर्व मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या एक दशांशाच्या पुढे जाऊ नये.

५. मिसळण्याचे दिवस

एकूण दहा दिवस धरावेत. वरील ५६ ग्रॅमच्या उदाहरणात पहिले तीन दिवस जुने ४२ आणि नवे १४ ग्रॅम, चौथ्या ते सहाव्या दिवशी दोन्ही २८ ग्रॅम, सातव्या ते नवव्या दिवशी जुने १४ आणि नवे ४२ ग्रॅम, आणि दहाव्या दिवसापासून पूर्ण नवे. जुन्या खाद्यात ऊर्जा थोडी जास्त असल्याने सुरुवातीच्या दिवसांत एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. ज्या मांजराचे पोट पूर्वी वारंवार बिघडलेले आहे, त्याच्यासाठी हाच क्रम दोन ते तीन आठवड्यांवर पसरवावा.

यासाठी जुने खाद्य किमान दहा दिवस पुरेल इतके शिल्लक असताना नवे पाकीट घरात आले पाहिजे. ज्यांचे खाद्य कुरिअरने येते त्यांनी पंधरा-वीस दिवस आधीच मागवावे. दिवसभराचे मिश्रण सकाळीच मोजून छोट्या डब्यात भरावे आणि त्यातूनच तीन-चार वेळा द्यावे, म्हणजे घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे घातले असे होत नाही. घरातील आजी-आजोबांनाही हा डबा दाखवून ठेवावा; मांजर पायांत घुटमळू लागले की त्यांचाच हात सर्वांत आधी सैल सुटतो.

पहिल्या दिवसांत मांजर ताटलीवर वाकून बराच वेळ नुसता वास घेते. मग जिभेने मिश्रण ढकलत जुने त्रिकोणी दाणे तेवढे उचलते आणि नवे गोल दाणे कडेला ओळीने राहतात. कधी एखादा नवा दाणा तोंडात घेऊन, एकदा चावून, फरशीवर टाकून देते. हे पाहून घाबरू नये. दोन्ही दाण्यांवर चमचाभर कोमट पाणी शिंपडून हलवले की वास एकमेकांत मिसळतो आणि निवड करणे कठीण होते. असे ओले केलेले खाद्य उन्हाळ्यात तासाभरात उचलावे.

या काळात लसीकरण, प्रवास, घर बदलणे किंवा नव्या प्राण्याचे आगमन यांपैकी काहीही जोडून ठरवू नये.

६. त्रास दिसला तर

शी थोडी मऊ झाली तर पुढच्या टप्प्यावर न जाता आहे त्याच प्रमाणावर दोन-तीन दिवस थांबावे. पातळ जुलाब झाले तर मागच्या टप्प्यावर यावे. रक्त दिसणे, वारंवार उलट्या, सुस्ती यांपैकी काही आढळल्यास वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

‘भूक लागली की झक मारून खाईल’ हा सल्ला मांजराच्या बाबतीत धोकादायक आहे आणि तो कोणीही दिला तरी मानू नये. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर शरीरातील चरबी यकृताकडे जाऊन तेथे साठू लागते आणि यकृत निकामी होऊ शकते. लठ्ठ मांजरांत हा धोका अधिक असतो. म्हणून २४ तास नव्या मिश्रणाला तोंड लावले नाही, तर जुने खाद्य द्यावे. जुनेही खात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

चव यावी म्हणून मटणाचा रस्सा किंवा येसराची आमटी वरून घालण्याची पद्धत आहे. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, शिजवल्याने किंवा वाटल्याने त्यांचा परिणाम जात नाही, म्हणून आपल्या मसाल्यांचा थेंबही नको. घालायचेच असेल तर मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या, हाडे काढलेल्या कोंबडीचे चमचाभर पाणी पुरे.

७. आपल्या हवेचा विचार करा

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि त्या दिवसांत मांजरे मुळातच कमी खातात. अशा वेळी बदल सुरू केला तर नव्या खाद्यामुळे खात नाही की उन्हामुळे, हे समजत नाही. वय थोडे पुढे गेले तरी चालेल. प्रमाण आटोक्यात ठेवून बदल पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलणे मी पसंत करते. उन्हाळ्यातच करायचा झाला तर मुख्य जेवण पहाटे आणि रात्री उशिरा द्यावे.

सुक्या खाद्यात जेमतेम १० टक्के पाणी असते, त्यामुळे पाण्याची सोय खाद्याइतकीच महत्त्वाची आहे. मातीच्या पसरट परळात पाणी गार राहते. खाद्यापासून दूर, घरात दोन-तीन ठिकाणी अशी भांडी ठेवावीत आणि रोज धुवावीत. बोका लघवीसाठी वारंवार बसत असेल, कण्हत असेल आणि थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता असते. यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी डॉक्टर गाठावा.

साठवणुकीबाबत थोडक्यात सांगते. पत्र्याच्या खोलीत खाद्य ठेवू नये, उष्णतेने त्यातील चरबी खवट होते. पावसाळ्यात ओल लागून बुरशी येते आणि काही बुरशींचे विष यकृताला घातक असते. मूळ पिशवी तशीच घडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि फोडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच मोठी घ्यावी. पोत्यातून सुटे विकले जाणारे खाद्य स्वस्त असले तरी टाळावे, कारण ते केव्हा उघडले आणि कोणत्या वयासाठी आहे, हे कळायला मार्ग नसतो. मुंग्या लागत असतील तर ताटली पाणी भरलेल्या परातीच्या मधोमध ठेवावी. मुंग्या मारायचा खडू ताटलीभोवती कदापि ओढू नये. त्यातील औषधे मांजराच्या शरीराला सहन होत नाहीत आणि पंजे चाटताना ती सरळ पोटात जातात.

८. घरात लहान-मोठी मांजरे एकत्र असतील तर

मोठ्याने पिल्लाचे आणि पिल्लाने मोठ्याचे खाणे, हे टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे दिवसभर ताटली भरून ठेवणे बंद करणे. ठरलेल्या वेळी वेगवेगळ्या खोल्यांत वीस-पंचवीस मिनिटे ताटल्या ठेवाव्यात आणि उरलेले उचलून डब्यात टाकावे. एकच खोली असेल तर मोठ्यांचे फळीवर आणि पिल्लाचे उपड्या टोपलीखाली ठेवता येते. टोपलीला पिल्लापुरतीच वाट ठेवावी.

९. बदल पूर्ण झाल्यानंतर

पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्यातून एकदा, सकाळी खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावे. सोबत हातानेही तपासावे. फासळ्यांवरून हलकेच बोटे फिरवली असता त्या उलट्या तळहाताच्या हाडांसारख्या सहज लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिल्यावर फासळ्यांच्या मागे कंबर थोडी आत गेलेली दिसली पाहिजे. फासळ्या दाबूनच सापडत असतील तर रोजचे प्रमाण एक दशांशाने कमी करावे. नुसत्या नजरेला ठळक दिसत असतील तर तेवढेच वाढवावे. वजन एक दशांशापेक्षा अधिक घटले, म्हणजे साडेतीन किलोचे ३.१५ किलोच्याही खाली गेले, तर तो खाद्याचा प्रश्न समजू नये आणि तपासणी करून घ्यावी.

पिल्लाच्या खाद्याचे उरलेले पाकीट मुदतीत असेल आणि नीट बंद असेल, तर ते शेजारपाजारी पिल्ले किंवा दूध पाजणारी मांजरी असलेल्या घरी द्यावे, मात्र देताना फोडल्याची तारीख पाकिटावर लिहावी आणि त्यांनाही ते त्यांच्या सध्याच्या खाद्यात थोडे थोडे मिसळूनच सुरू करायला सांगावे.